गल्लीकडचं दार

घर बांधायचं ठरलं त्या दिवशी मी एकच गोष्ट मागितली होती. मला दार हवं होतं. खोली केवढी, फरशी कसली, खिडकीला जाळी की काच, यातलं मी काही बोलले नाही. एवढंच म्हटलं, की माझ्या खोलीला गल्लीच्या बाजूने स्वतंत्र दार द्या, म्हणजे माझ्याकडे येणारी बाई थेट माझ्याकडे येईल. मुलगा म्हणाला, "एवढंच ना, आई? डन." मी तीसेक वर्षं मुलींना भूगोल शिकवला आहे. तास संपायच्या आधीच 'झालं बाई' म्हणणाऱ्या मुलींचे नकाशे नेहमी अर्धवट असायचे, हे मला तेव्हाच आठवायला हवं होतं.

आमचा प्लॉट विश्रांतवाडीला, आळंदी रस्त्यापासून आत. यांच्या कारखान्यातल्या लोकांनी मिळून सोसायटी केली होती, तेव्हा आम्ही दोघांच्या नावावर दीड गुंठा घेतला. बांधू बांधू म्हणता मुलाचं शिक्षण झालं, लग्न झालं, हे निवृत्त झाले आणि एक दिवस गेलेही. प्लॉट तसाच राहिला. त्यावर शेजाऱ्यांच्या गाड्या, एक शेवगा आणि अख्ख्या गल्लीचा राडारोडा सुखाने नांदत होता. प्लॉटच्या पूर्वेला सोसायटीचा मोठा रस्ता आणि दक्षिणेला गल्ली. गल्लीतून भाजीवाला जातो, विहारात जाणाऱ्या बायका जातात, शाळेच्या रिक्षा जातात. मोठ्या रस्त्यावरून फक्त गाड्या जातात. मला दार गल्लीकडे का हवं होतं, हे यावरून कुणाच्याही लक्षात यावं.

तोवर आम्ही जवळच एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. दोन बेडरूम, एक हॉल आणि दार एकच, तेही हॉलमध्ये उघडणारं. मुलगा पूर्वी हिंजवडीला जायचा. घरून काम सुरू झालं तसं कंपनीचं ऑफिस आमच्या जेवणाच्या टेबलावर आलं आणि परत गेलंच नाही. माझ्या मैत्रिणी यायच्या, शाळेतल्या जुन्या शिक्षिका आणि विहारातल्या बायका. बेल वाजली की मुलगा कानाला लावलेल्या यंत्रासकट हात वर करायचा, रहदारी पोलिस करतो तसा. मग त्या बिचाऱ्या दारातच थांबायच्या. त्याने मान हलवली की भिंतीला चिकटून माझ्या खोलीत यायच्या आणि खोलीत आल्यावर आम्ही कुजबुजत बोलायचो. निवृत्त शिक्षिकांना कुजबुजायला सांगणं म्हणजे काय छळ आहे, ते ज्यांच्या घरात निवृत्त शिक्षिका आहे त्यांनाच कळेल.

हळूहळू त्या यायच्या आधी फोन करू लागल्या. मग यायच्या ऐवजी फोन करू लागल्या. कुणाचे गुडघे, कुणाचं ऊन, कुणाच्या नातीची परीक्षा. खरं कारण कुणी सांगितलं नाही. सांगितलं फक्त मोठ्या बाईंनी. मोठ्या बाई म्हणजे आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. ऐंशी ओलांडलेल्या, राहायला सदाशिव पेठेत, आणि जिभेला कधी निवृत्ती मिळालेली नाही. त्या फोनवर म्हणाल्या, "तुझ्याकडे यायचं म्हणजे दवाखान्यात भेटायला आल्यासारखं वाटतं. ते तरी बरं, तिथे पेशंट आजारी असतो."

मला रडू आलं नाही, राग आला. हे गेल्यापासून माझा दिवस या चार बायकांवर चालत होता. त्या आल्या की मला मी आठवायचे. म्हणून दार.

आता माझा मुलगा आणि सून चांगले आहेत. असं वाक्य लिहिलं की वाचणारा पुढच्या 'पण'ची वाट बघतो, तर तो येणार नाही. माझं पथ्यपाणी, माझे चष्मे, माझ्या तपासण्या, सगळं दोघं वेळच्या वेळी करतात. घर बांधताना खालच्या मजल्यावर माझ्यासाठी वेगळी छोटी जागा करायची, खोली, बाथरूम, चहापुरता ओटा, ही कल्पनाही सुनेचीच. तिने तिला नाव दिलं 'आईचं घर'. मला ते नाव इतकं आवडलं की मी दोन दिवस ते मनात घोळवत होते.

मग आर्किटेक्ट आला. काळा टी-शर्ट, हातात काचेची पाटी, तिच्यावर बोटाने रेघा ओढायचा. हुशार मुलगा. त्याने माझ्याकडे बघून गोड हसून माझ्या मुलाला विचारलं, "आँटींना काय काय लागेल?" हॉटेलात वेटर लहान मुलाबद्दल त्याच्या आईला विचारतो, 'हा तिखट खाईल का', अगदी तसं. मी म्हटलं, "आँटींना गल्लीकडे दार लागेल." तो म्हणाला, "नक्की, नक्की," आणि त्याने लिहून घेतलं: धरायला दांडा, न घसरणारी फरशी, कमोडची उंची. मी वाकून वाचलं. दार कुठेच नव्हतं. मी म्हातारी आहे, म्हणजे मला बाथरूममध्येच राहायचं आहे अशी त्याची समजूत झाली असावी.

पहिला नकाशा तरीही छान आला. वर त्यांचं घर, खाली पुढे गाडी, मागे माझी जागा आणि गल्लीकडे दार. दारापुढे एक पायरीसुद्धा होती. मी त्या पायरीवर बोट ठेवून मोठ्या बाईंना फोनवर सांगितलं, "बाई, पायरी एकच आहे." त्या म्हणाल्या, "एक चढेन. दुसरीची हमी नाही."

आणि मग आमच्या घरात गिऱ्हाईक आलं.

त्याचं असं झालं. आर्किटेक्टने विचारलं, "तुम्ही वास्तू मानता का?" मुलगा म्हणाला, "छे. आम्ही बुद्धिस्ट." हे खरं आहे. सासऱ्यांच्या पिढीपासून आमच्या घरात वंदना होते, नव्या घरात परित्राण पाठ होतो. मुहूर्त, पत्रिका, वास्तू यातला एखादा शब्द कुणी उच्चारला तर सासरे चष्म्यावरून असं बघायचे की बोलणाऱ्याने वाक्यच बदलावं. आर्किटेक्ट म्हणाला, "मीपण मानत नाही. पण दक्षिणेला दार म्हटलं की रिसेलला प्रॉब्लेम येतो. गिऱ्हाईक मानतं ना."

घर विकायचा कुणाचा विचार नव्हता. त्याची एक वीट अजून आली नव्हती. पण मुलाने सुनेकडे बघितलं, सुनेने मुलाकडे, आणि दोघं म्हणाली, "तसं प्रॅक्टिकली बघितलं तर..." प्रॅक्टिकली हा शब्द आमच्या घरात आला की मागून कुणीतरी माझी उशी ओढतंय असं मला वाटतं.

त्या दिवसापासून हे गिऱ्हाईक आमच्यात राहू लागलं. त्याला कुणी पाहिलेलं नव्हतं, पण त्याच्या आवडीनिवडी सगळ्यांना पाठ होत्या. त्याला स्वयंपाकघर आग्नेयेला लागायचं. जिना घड्याळाच्या काट्यासारखा फिरलेला लागायचा. त्याला नैऋत्येला संडास चालायचा नाही, म्हणून माझं बाथरूम सरकलं. बाथरूम सरकलं म्हणून माझा ओटा गेला. "आई, तुम्ही वेगळं कशाला करता? चहा वर होतोच की," सून म्हणाली, आणि ते तिने प्रेमाने म्हटलं. कुणी आलं की वर हाक मारून कपांचा आकडा सांगायचा, या प्रेमाला काय उत्तर देणार?

एकदा नकाशात ईशान्येच्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन दिसला. मी विचारलं, "हे काय?" आर्किटेक्ट म्हणाला, "देवघर." मी म्हटलं, "कुणाचं?" त्याने बोटाने पाटीवरचा चौकोन मोठा करून बघितला. आमच्याकडे बुद्धाची मूर्ती आहे, ती पुस्तकांच्या कपाटावर असते आणि तिने आजवर स्वतंत्र खोली मागितलेली नाही. ज्या घरात देवघर नको म्हणून माझ्या सासऱ्यांनी भावकीशी भांडण काढलं, त्यांच्या नातवाच्या नकाशात न आलेल्या गिऱ्हाईकाच्या देवांची सोय झाली होती. "नंतर आपण त्यात इन्व्हर्टर ठेवू," मुलगा म्हणाला.

गिऱ्हाईकाने सुरुवात करून दिली तशा बाकीच्या मागण्याही सुटल्या. गाडीला वळायला जागा लागते, म्हणून माझी खोली आत ढकलली. पुढेमागे लिफ्ट बसवायची झाली तर, म्हणून तिच्यासाठी उभा चौकोन राखून ठेवला. तो चौकोन माझ्या कपाटाच्या जागेवर आला. नावही बदलत गेलं. 'आईचं घर'चं 'आईचा फ्लॅट' झालं. मग आर्किटेक्टच्या तोंडून 'पेरेंट्स युनिट', मग 'स्टुडिओ'. शेवटच्या नकाशावर इंग्रजीत 'गेस्ट' लिहिलं होतं. माझ्या नावावरच्या प्लॉटवर मी पाहुणी झाले, आणि मला सांगायचीही कुणाला गरज वाटली नाही. कारण ते 'नुसतं लेबल' होतं.

त्याच नकाशात दार नव्हतं.

गल्लीच्या बाजूला खिडकी होती, मोठी, जाळीची. दार कुठे गेलं विचारल्यावर मुलाने बोटाने दाखवलं. माझ्या खोलीचं दार त्यांच्या खालच्या हॉलमध्ये उघडत होतं. हा हॉल नवीन होता. मुलाच्या कामासाठी. वर नातवंडांचा गोंगाट होणार, म्हणून त्याचं टेबल खाली आलं होतं. "आई, एक तर दक्षिण," तो म्हणाला, "आणि दुसरं म्हणजे सेफ्टी. तू खाली एकटी, गल्लीकडे दार. कुणीही येईल."

"कुणीही यावं म्हणूनच तर मागितलं होतं," हे माझ्या ओठावर आलं होतं. पण आर्किटेक्ट समोर बसला होता आणि बाहेरच्या माणसासमोर मुलाला बोलायचं नाही ही माझी सवय. मी म्हटलं, "माझं काही म्हणणं नाही."

आता पुण्यात माणूस असं म्हणतो तेव्हा त्याचं पुष्कळ म्हणणं असतं, हे इथल्या शाळकरी पोरालाही कळतं. लग्नात जेवणावळीची पद्धत ठरवताना मुलीचा काका 'माझं काही म्हणणं नाही' म्हणाला, की सगळी बोलणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. सोसायटीच्या सभेत एखादे आजोबा तसं म्हणाले, की सभा तहकूब करतात. मी ते वाक्य नीट, हळू, प्रत्येक शब्द वेगळा करून म्हटलं. माझ्या मुलाने नकाशाची गुंडाळी केली आणि म्हणाला, "चला, आईचं फायनल."

मी महिनाभर धुमसत होते. कणीक मळताना धुमसायचे, वर्तमानपत्र वाचताना धुमसायचे. सून दोनदा म्हणाली, "आई, काही बिनसलंय का?" मी म्हटलं, "छे गं, मला काय होतंय." तीही पुण्याचीच, पण तिच्या वेळापत्रकात याचा अर्थ लावायला जागा नसावी. मोठ्या बाईंचा दर आठवड्याला फोन. "दार कुठवर आलं?" मी सांगायचे, "चाललंय." शेवटी एकदा खरं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे गिऱ्हाईक तुझ्याकडे राहणार आणि तू त्याच्याकडे." आणि फोन ठेवला. त्या नेहमी तसाच ठेवतात.

नकाशा मंजुरीला टाकायच्या आधी जागेवर आखून बघू, असं आर्किटेक्टने सुचवलं. म्हणजे रिकाम्या प्लॉटवर पांढऱ्या फक्कीने खऱ्या मापाच्या रेघा मारायच्या, मैदानावर खेळाच्या मारतात तशा, आणि घरात चालून बघायचं. रविवारी सकाळी सगळे जमलो. सुनेने थर्मासमध्ये चहा आणि दोन घडीच्या खुर्च्या आणल्या होत्या. ठेकेदाराच्या माणसांनी राडारोडा बाजूला करून रेघा मारून ठेवल्या होत्या; वरचं स्वयंपाकघरही मापासाठी खालीच आखलं होतं.

शहाणीसुरती माणसं रेघांच्या घरात कशी वागतात ते बघण्यासारखं असतं. मुलगा जिन्याच्या जागी गुडघे उचलून चालत होता. सून हवेतल्या ओट्यापुढे उभी राहून हवेतला डबा काढत होती. ती म्हणाली, "फार लहान वाटतंय हो." आर्किटेक्ट म्हणाला, "मॅडम, आखल्यावर लहानच वाटतं. भिंती आल्या की मोठं दिसतं." हा शोध भूगोलात माझ्या वाचनात नव्हता. ठेकेदार गिऱ्हाईकाच्या देवघरात उभा राहून मोबाइल बघत होता. सगळे कसे दारादारांतून ये-जा करत होते. नसलेली भिंत ओलांडायची कुणाची छाती होत नव्हती.

मीही माझ्या खोलीत जाऊन उभी राहिले, हॉलमधून फिरून. पलंग मावला असता. खुर्चीही मावली असती. दुसरी खुर्ची कुठे ठेवायची, ते मला कळेना.

तेवढ्यात गल्लीत रिक्षा थांबली आणि तिच्यातून मोठ्या बाई उतरल्या. मीच त्यांना फोन केला होता, घर बघायला या म्हणून. काठी टेकत टेकत त्या सरळ माझ्याकडे निघाल्या, कारण मी समोरच दिसत होते. त्यांनी एक पाय रेघेच्या आत टाकला.

"आजी, आजी," आर्किटेक्ट ओरडला, "तिथे भिंत आहे."

त्या थांबल्या. एक पाय आत, एक बाहेर. "कुठे?"

"ही काय. तुमच्या पायाखाली."

"मग मी आत आले कशी?"

मुलगा हसत पुढे झाला. त्याच्या लहानपणी त्यांनी त्याला शाळेच्या स्नेहसंमेलनात कडेवर घेतलं होतं, त्यामुळे तोही त्यांना मोठ्या बाईच म्हणतो. "मोठ्या बाई, दार तिकडून आहे. पुढून यायचं, हॉलमधून, मग आईची खोली."

"हॉलमध्ये कोण असतं?"

"मी. म्हणजे माझं कामाचं टेबल."

"म्हणजे तुझ्या मीटिंगमधून यायचं."

"आज रविवार आहे, बाई," तो म्हणाला.

"इतर वारी?"

मोठ्या बाईंनी आत टाकलेला पाय उचलून पुन्हा बाहेर ठेवला, काळजीपूर्वक, काठीचा आधार घेऊन. "एवढा वळसा मला झेपायचा नाही. ही खिडकी आहे ना? मग मी इथे उभी राहते. तू आतून बोल." हे मला. "आणि चहा असेल तर जाळीतून दे."

त्या थट्टा करत होत्या का, ते मला आजही सांगता येणार नाही. मी थर्मासमधून कप भरला आणि रेघेपाशी आणून दिला. त्या बाहेर उन्हात उभ्या, मी आत, मध्ये बोटभर पांढरी फक्की. त्यांनी फुंकून एक घोट घेतला. मग विचारलं, "बरी आहेस ना?" मी म्हटलं, "बरी आहे." तुरुंगात भेट असते तशी आमची भेट चालली होती, आणि सगळे आपापल्या खोल्यांतून बघत होते.

आधी सुनेच्या लक्षात आलं. ती तिच्या स्वयंपाकघरातून, मध्ये येणाऱ्या सगळ्या रेघा ओलांडत, सरळ माझ्यापाशी आली. "आई, तुम्ही दार म्हणाला होतात."

"हो."

"पहिल्याच दिवशी."

"हो गं."

मुलगा म्हणाला, "पण आई, मी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, तुझं काही म्हणणं नाही."

मोठ्या बाईंनी कप खाली केला. "पुण्यातच वाढलास ना रे तू?"

तो लाल झाला. मला एकदम त्याची दया आली, आणि दया आली म्हणून बोलता आलं. मी म्हटलं, "ऐक. मला या घरात काही नको. ओटा नको, कपाट नको, नावही तुम्हाला हवं ते द्या. पण तुझा बाप गेल्यावर माझ्याकडे चार बायका यायच्या, त्या आता येत नाहीत. त्या तुझ्या हॉलमधून यायच्या नाहीत. मला त्या हव्यात. म्हणून मला दार हवं आहे, आणि गल्लीकडेच हवं आहे."

आर्किटेक्ट हळूच म्हणाला, "आँटी, मी समजू शकतो. पण दक्षिण... उद्या गिऱ्हाईक..."

"तुम्ही हे घर विकाल तेव्हा मी नसेन," मी म्हटलं. "तोवर गिऱ्हाईक मीच. मला काय हवं ते विचारा, त्याला विचारलंत तसं."

आणि मी चपलेने रेघ पुसली. दारापुरतीच पुसणार होते, पण राग होता, त्यामुळे जरा जास्त पुसली गेली. आता दाराला दोन फळ्या आहेत त्या त्यामुळे. मोठ्या बाई आत आल्या, खुर्चीवर बसल्या आणि इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "हवा चांगली आहे." दुसऱ्या खुर्चीवर मी बसले. सूनबाई उभ्या उभ्या आमचे कप भरत होती. मुलगा आर्किटेक्टला घेऊन शेवग्याखाली गेला. काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण देवघराच्या रेघांवरून मुलाने जाता जाता पाय फिरवला, तेवढं मी पाहिलं.

निघताना मोठ्या बाईंनी ठेकेदाराला विचारलं, "किती दिवस लागतील?"

"परवानगी आली की वर्षभर धरा, आजी."

"मला नाही धरता यायचं," त्या म्हणाल्या. "तू धर."

घर झालं. परवानगीला लागायचा तेवढा वेळ लागला, बांधायला त्याहून जास्त. दार गल्लीकडेच आहे, पायरी एकच आहे, पायरीला धरायला दांडाही आहे, तेवढं आर्किटेक्टचं खरं झालं. विहारातल्या बायका येतात. शाळेतल्या येतात. आम्ही आरडाओरडा करून बोलतो, आणि मुलगा कधीकधी भिंतीवर टकटक करतो, तेव्हा आम्ही दोन मिनिटं हळू बोलतो. दक्षिणेने माझं अजून काही वाकडं केलेलं नाही.

मोठ्या बाई मात्र आल्या नाहीत. वरच्या मजल्याचा स्लॅब टाकायच्या आठवड्यात त्या बाथरूममध्ये घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून त्या पलंगावर आहेत. आता मी जाते त्यांच्याकडे, दर शुक्रवारी, बस बदलून. त्यांचा पलंग आतल्या खोलीत आहे आणि हॉलमध्ये त्यांचा नातू काम करतो. त्याची मीटिंग चालू असली की मी जिन्यात उभी राहते. कधी दहा मिनिटं, कधी जास्त. तो मुलगाही चांगला आहे, बाहेर येऊन सॉरी म्हणतो.

आत गेले की बाई विचारतात, कोण कोण आलं होतं, काय काय बोललात, दार किती वेळ उघडं ठेवतेस. मी हळू आवाजात सगळं सांगते. जिन्यात उभं असताना मात्र माझ्या डोक्यात दुसराच हिशेब चालू असतो. आम्ही त्या न येणाऱ्या गिऱ्हाईकासाठी जिना फिरवत होतो, संडास सरकवत होतो, देवघर काढत होतो आणि मी 'माझं काही म्हणणं नाही' म्हणून गप्प बसले होते, त्या सगळ्या महिन्यांत मोठ्या बाईंना एक पायरी चढता येत होती. मला याचा फार राग येतो. मग आतून दार उघडतं, नातू म्हणतो, "या आजी, झालं माझं," आणि मी आत जाते.